हेमंतने पाठवलेला वारा

भर वैशाखात, छतावर अनवाणी पाऊल टाकलं तर फोड येईल अशा उन्हात, सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ डोक्याला ओला पंचा गुंडाळून पतंग उडवत उभा असे. पतंग साधा, पांढरा, आणि दोरा बिनमांज्याचा. बनारसमध्ये पतंग उडवायचा तो दुसऱ्याचा कापायला. नुसता वर चढवून धरून ठेवणारा माणूस आमच्या मोहल्ल्यानं कधी पाहिला नव्हता. आजूबाजूच्या छतांवरून पोरं ओरडायची, "का माट्साब, पेंच ना लड़इबा?" वर लागलेली नजर न हलवता हे उत्तर द्यायचे, "लड़ाई नहीं, पढ़ाई चल रही है." दोरा आधी एका बोटावर घ्यायचे, मग दोन बोटांवर, मग मुठीत. शेवटी पतंग उतरवायचे आणि आमच्या छताकडे वळून मला सांगायचे, "गौरे, आज एकच बोट."

हे आमचे पाळंदेकाका. गंगाधर पाळंदे. इंटर कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि मंगला गौरीच्या देवळाकडून पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या आपल्या तीन मजली घरात निर्मलाकाकूंबरोबर राहिले. आमचं घर त्यांच्या पाठीला पाठ लावून उभं आहे. छतं जोडलेली, मध्ये कमरेएवढी भिंत. दार मात्र त्यांचं पुढच्या गल्लीत आणि आमचं मागच्या. त्यामुळे वीजही वेगवेगळ्या खांबांवरून येते. त्यांच्याकडची बत्ती गेली तरी आमचा पंखा बहुतेक वेळा चालू असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्यासारख्या पिढ्यान् पिढ्या काशीत राहिलेल्या घरांत मराठी उरली आहे ती जेवणाच्या पानापुरती आणि भांडणापुरती. मुलं तर आईशीसुद्धा हिंदीत बोलतात. काकांचं तसं नव्हतं. ते मराठीत विचार करायचे आणि हिंदीत फक्त रागवायचे. त्यांचं एक पालुपद होतं, "हाताला लागलं का?" मी त्यांच्याकडे इंटरचं भौतिकशास्त्र शिकायला जायची तेव्हा सगळे नियम घडाघडा म्हणून दाखवायची. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पाठ झालं हे कळलं. हाताला काय लागलं?" पुढे मला बँकेत नोकरी लागली आणि इंदूरचं एक स्थळ बघायला आलं. मंडळी गेल्यावर आई काकांना म्हणाली, "मुलगा फार सोज्वळ वाटतो नाही?" काका म्हणाले, "वाटतो खरा. हाताला काही लागलं नाही बुवा." त्या मुलाचं आधीच कुठेतरी जमलेलं होतं हे नंतर कळलं. लग्न माझं झालंच नाही, त्यात काकांचा काही दोष नाही.

पण त्या पालुपदाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी काकांना देव्हाऱ्यात बसवलं असं होईल. त्यांचा एकुलता एक मुलगा हेमंत माझ्याहून बराच लहान. तो शाळेतून उड्या मारत यायचा, नव्वद गुण पडले म्हणून. काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "दहा कुठे सांडले?" पोराचं तोंड एवढंसं व्हायचं. काकू पदराआडून त्याला बेसनाचा लाडू द्यायच्या आणि नवऱ्याकडे जळजळीत बघायच्या. काकूंची दुखरी जागा तीच होती. शाबासकी हा शब्द या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात कुणी ऐकला नाही. हेमंत इंजिनियर झाला, पुण्याला गेला, तिथलाच झाला, आणि त्याचं वर्षातून एकदा येणंही पुढे पुढे दोन वर्षांतून एकदा होऊ लागलं.

मग काकूंची फुप्फुसं गेली. हळूहळू आकसत जाणारा आजार, त्याला औषध नाही. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं एक यंत्र त्यांच्या पलंगाशी आलं. पारदर्शक नळी नाकाला लावून काकू बसायच्या, आणि ते यंत्र दिवसरात्र घरघरत राहायचं. त्याला वीज लागते, हे सांगायला नकोच. बनारसच्या उन्हाळ्यात वीज म्हणजे जावयासारखी, येईल तेव्हा यायचं, जाईल तेव्हा जायचं आणि कुणी विचारायचं नाही. इन्व्हर्टर होता, पण तो पंख्या-दिव्यांसाठी घेतलेला. यंत्राचं ओझं पडलं की थोड्याच वेळात कुंथायला लागायचा.

ज्येष्ठातल्या एका दुपारी पुढच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. मी सुट्टीवर होते म्हणून घरी. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "गौरी! ये लवकर!" माझ्या आयुष्यात त्यांनी मला 'गौरे' सोडून दुसरी हाक मारली ती एवढीच. जाऊन बघते तो यंत्र बंद, काकूंचे ओठ जांभळे, आणि कोपऱ्यातल्या प्राणवायूच्या सिलिंडरची कळ अडकलेली. ती काकांच्या हातून फिरेना. मी पान्हा घेऊन कशीबशी फिरवली. काकूंना श्वास लागला. काका भिंतीला टेकून खाली बसले आणि आपल्या हाताच्या पंज्यांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे वीज आहे. छतावरून एक तार ओढून घेऊ." त्यांनी मान हलवली. "नको. शेजाऱ्याच्या विजेवर बायकोचा श्वास टांगून ठेवणार नाही. माझं मी बघीन." शेजारून विरजणसुद्धा न मागणारा माणूस तो. मागण्यापेक्षा दही न खाल्लेलं बरं, असा त्यांचा खाक्या.

माझं मी बघीन म्हणाले आणि खरोखरच बघायला लागले. जनरेटर? आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं. धूर जाणार कुठे? तो काकूंच्याच खोलीत शिरला असता. सौर पाट्या? दक्षिणेला एका शेठनं पाच मजली गेस्ट हाऊस उठवलं होतं. त्यानंतर पाळंद्यांच्या छतावर ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, टेकलं न टेकलं की निघालं. वर माकडं. आमच्याकडची माकडं पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत आंघोळ करतात, काचेची पाटी त्यांनी आठवडाभरही ठेवली नसती. मग उरला वारा. काकांच्या वाचनात आलं होतं की घरापुरती छोटी पवनचक्की मिळते. दुसरा कुणी असता तर फोन करून मागवून मोकळा झाला असता. काकांनी पांढरा पतंग विकत आणला.

वर्षभर त्यांनी तो उडवला. सकाळी, टळटळीत दुपारी, संध्याकाळी. चैत्रात, श्रावणात, कार्तिकात. एका बोटानं दोरा तोलला गेला तर एका बोटाचा वारा, दोन बोटं लागली तर दोन बोटांचा. मुठीचा वारा आला की त्यांचा चेहरा उजळायचा, पण तो यायचा फक्त आंधीच्या आधी, आणि आंधीत पतंगच फाटायचा. आपलं बोट लबाडी करत नाही ना, हे तपासायला त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटाही आणून दोऱ्याला अडकवला होता. मी बँकेतून आले की मला भिंतीशी बोलावून दाखवायचे. "बघ, गंगेवर गेला की कसा सरळ ताणतो. आता आपल्या छतावर आण. बघ, बघ, कसा गोते खातोय. ते गेस्ट हाऊस आहे ना, त्याच्यावर आपटून वारा भोवरे घेतो. पातं म्हणजे काही पोळी नाही, कुठूनही चटका बसला तर फुगायला. त्याला एका दिशेचा, सलग वारा लागतो."

पवनचक्क्या विकणारा एक गुळगुळीत तरुण लखनौहून आला होता. बारीक वाऱ्यातही फिरते, असं त्यानं चित्र दाखवून सांगितलं. काका म्हणाले, "फिरेल हो. फिरकीही फिरते. वीज किती?" तो म्हणाला, "सर, हवा आधी तो बिजली आधी." मग काय, काकांमधला मास्तर जागा झाला. त्याला समोर बसवून त्यांनी शिकवलं की वारा अर्धा झाला तर वीज अर्धी होत नाही, आठवा हिस्सा उरते. आणि खांब आजूबाजूच्या सगळ्या इमारतींच्या वर न्यावा लागतो, तो पातळ विटांच्या या जुन्या छतावर उभा केला तर थरथरीनं छतच खाली येईल. तरुण घाम पुसत उठला. जाताना गल्लीत मला म्हणाला, "दीदी, इनको लेना ही नहीं है." चुकीचं होतं ते. इतक्या मनापासून कुणी काही घ्यायला निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

वर्ष संपलं तेव्हा काकांनी हेमंतला फोन केला. मी तिथेच होते, काकूंसाठी पेज घेऊन गेले होते. काका म्हणाले, "हेमंत, मी वारा बघितला. इथं वारा नाही. आईला पुण्याला घेऊन जा. तुमच्या सोसायटीत वीज जात नाही, दवाखाना कोपऱ्यावर आहे. मला नेलं नाहीस तरी चालेल." असं सरळ, पदर न पसरता, पण मागितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. काका "हं", "हं" करत राहिले. फोन ठेवल्यावर पलंगावरून काकूंनी विचारलं, "काय म्हणाला?" त्यांची पुण्याची पिशवी केव्हाची मनात भरून तयार होती, नातवासाठी विणलेल्या स्वेटरसकट. काका म्हणाले, "बघतो म्हणालाय." पुढे मला जिन्यात सांगितलं, "फ्लॅट लहान आहे. पोराची दहावी आहे. सूनबाईला यंत्राच्या आवाजानं झोप लागणार नाही." त्यात कडवटपणा नव्हता, तो सगळा माझ्याच वाट्याला आला असावा.

आणि महिन्याभरात हेमंत आला, पवनचक्की घेऊन.

खरंच. आईला न्यायला नाही, आईसाठी पवनचक्की घेऊन. बरोबर दोन माणसं, खोकी, बॅटऱ्या, तीन चकचकीत पाती. "बाबा, तुम्ही नुसते विचार करत बसता. एकदा बसवून तर बघू!" काका म्हणाले, "अरे, मी वर्षभर—" "पतंगानं?" असं म्हणून हेमंत हसला. दोन दिवसांत खांब उभा राहिला, तोही बेताचाच, छताला झेपेल एवढा. काकूंना खुर्चीत बसवून, सिलिंडरसकट उचलून वर आणलं. नेमकी त्या वेळी नदीकडून झुळूक आली आणि पाती फिरली. खांबावर लावलेला बल्ब पेटला. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी खांबाला हळदकुंकू वाहिलं, हेमंतला ओवाळलं. नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी हेमंत विमानानं परत गेला. पुण्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आठ दिवसांत माकडांना नवा झोका सापडला. एकानं पवनचक्कीची शेपटी वाकवली, दुसरं फिरत्या पात्याचा फटका बसून किंचाळत पळालं, आणि मग त्यांच्या सगळ्या खानदानानं येऊन सूड घेतला. आमच्या मोहल्ल्यात माकडांवर एकच इलाज, जाळी. खिडकीला जाळी, अंगणाला जाळी, तुळशीला जाळी. हेमंतनं फोनवरून मिस्त्री ठरवला, आणि त्या मिस्त्रीनं, हाताला सवय तीच, पवनचक्कीभोवती वरपासून खालपर्यंत लोखंडी पिंजरा ठोकला. बारीक जाळीचा, माकडाचं बोटसुद्धा आत जाऊ नये असा. गल्लीतल्या सगळ्यांनी वाखाणला. काका त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून माझ्याजवळ आले. "पोपटाला पिंजरा करतात हे माहीत होतं. वाऱ्याला पहिल्यांदाच बघितला." त्या दिवसानंतर पाती फिरायची ती आंधीतच, आणि तेव्हाही रडतखडत.

पुढचा उन्हाळा लागायच्या आत, एका रविवारी सकाळी, काका मागच्या गल्लीला वळसा घालून माझ्या दारातून आले. छतावरून हाक मारायची सोडून असे आले म्हणजे काहीतरी रीतसर काम असणार. खुर्चीच्या काठावर बसले. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "गौरे, मागायला आलोय." मी खुर्ची पुढे ओढली. "तू म्हणाली होतीस ती तार दे. पण हिला कळता कामा नये." मी म्हटलं, "यात लपवायचं काय?" ते म्हणाले, "ती शेजारपाजाऱ्यांना काय सांगते ते तू ऐकतेस ना? आमच्या हेमंतनं वारा पाठवला म्हणून सांगते. पुण्याला नेलं नाही ते गिळलं तिनं त्या वाऱ्याबरोबर. आता वाराही खोटा निघाला, तर बाई श्वास घेईल कशासाठी?"

न मोजलेलं एक वाक्य ज्यांनी जन्मात उच्चारलं नाही, ते या वयात खोटं बोलायला शिकले आणि शेजाऱ्याच्या दारी मागायलाही शिकले. माझ्या जिन्यातल्या बटणापासून पन्हाळीच्या कडेनं, तुळशीच्या जाळीमागून, काकांनी स्वतः तार नेली आणि पवनचक्कीच्या पेटीत सोडली. आत दुसऱ्या गल्लीची वीज, बाहेरून दिसायला पवनचक्की. त्यांच्याकडची लाइट गेली की खांबावरचा बल्ब लागायचा, खाली यंत्र घरघरत राहायचं आणि काकू अंथरुणातून म्हणायच्या, "बघा, माझा हेमंत आला धावून." पुढे त्या बॅटऱ्या फुगून निकामी झाल्या, तेव्हा तर सगळं सरळ माझ्याच तारेवर चालू लागलं. माझ्याकडची वीज गेली तर म्हणून काका सिलिंडरची कळ रोज तेल घालून फिरवून बघायचे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोहल्ल्यातल्या चार मराठी बायका जमल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं मीच केलं होतं. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यातच बत्ती गुल झाली, आणि यंत्र क्षणभर थबकून पुन्हा चालू झालं. बायका "अगबाई!" करत राहिल्या. काकूंच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट करून, दर दोन शब्दांनंतर श्वास घेत, त्या म्हणाल्या, "यांना विचारा. वर्षभर पतंग उडवत बसले. इथं वारा नाही म्हणे. आयुष्यभर मोजतच बसले हो. माझ्या मुलानं न मोजता दिलं." सगळ्या जणी काकांकडे बघून हसल्या. मी पन्ह्याचा तांब्या खाली ठेवला. काका म्हणाले, "खरं आहे." आणि पंचा खांद्यावर टाकून वर छतावर निघून गेले.

मी त्यांच्या मागून गेले. म्हटलं, "पुरे झालं काका, मी आता जाऊन सांगते." ते पिंजऱ्याजवळ उभे होते. "काय सांगशील? की तुझा मुलगा लबाड आहे? तो लबाड नाही. त्याला खरंच वाटतं की चालतंय. आणि मी त्याला कधी शंभरातले नव्वद दिले नाहीत, आता हिनं दिलेत तर देऊ दे." मी चिडून म्हटलं, "आणि तुमचे?" तर म्हणाले, "मी परीक्षेला बसलोच नव्हतो." मला त्यांचाही राग आला. अजून येतो. माणसानं इतकं गप्प राहू नये. गप्प राहणाऱ्याच्या वाट्याचं दुसराच कुणीतरी खाऊन जातो.

काकू पुढच्या मार्गशीर्षात गेल्या. विजेअभावी नाही, हे मुद्दाम सांगते. यंत्र शेवटपर्यंत चालू होतं. काकांनी त्यांचा हात धरला होता आणि त्या हेमंतचं नाव घेत होत्या. हेमंत दुसऱ्या दिवशी पोचला.

तेराव्याला पुण्याचे पाहुणे, काकूंचे भाऊ, गल्लीतले लोक, सगळे जेवून छतावर हवेला आले होते. दुपारची वेळ. नदीवरून पुरवा, पूर्वेचा वारा, सुटला होता, असा की वाळत घातलेली धोतरं फडाफडा वाजत होती आणि माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता. पण पिंजऱ्यातली पाती जेमतेम डुगडुगत होती. खांबावरचा बल्ब मात्र लख्ख पेटलेला. आईचा दिवा म्हणून हेमंतनं तो दिवसाही चालू ठेवला होता. तो फोनवर पुण्यातल्या कुणाला तरी पवनचक्की दाखवत होता. "यानंच आईला इतके दिवस जगवलं. बाबांचा तर साफ विरोध होता. त्यांनी पतंग उडवून ठरवलं होतं, वारा नाही म्हणून!" सगळे हसले. दुःखाच्या घरात हसले. काका भिंतीला टेकून उभे होते. हेमंत त्यांना म्हणाला, "बाबा, आता तरी कबूल करा." आणि काका म्हणाले, "चुकलंच माझं."

माझं डोकं फिरलं. मी भिंत ओलांडून आमच्या छतावर गेले, जिन्यात शिरले आणि बटण बंद केलं. मनात म्हटलं, बघू दे आता सगळ्यांना. बाहेर येऊन उभी राहिले. बल्ब विझला होता. सगळे वर बघत होते. हेमंतनंही बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "वारा पडला वाटतं." काकूंचे थोरले भाऊ, ज्यांनी डोक्यावरची टोपी उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली होती, ते म्हणाले, "हो हो, पडला खरा."

काका सावकाश भिंतीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गौरे, लाव परत." मी नाही म्हटलं. "लाव गं. आजच्या दिवस." मी जाऊन बटण लावलं. पलीकडून हेमंतचा आवाज आला, "बघा, आला वारा!"

सगळे गेल्यावर काकांनी तार उपटली, नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी विचारलं, "का गप्प बसलात?" ते म्हणाले, "वारा त्यांच्या अंगावर होता, टोपी हातात होती. तरी नाही लागला हाताला. मी बोलून काय लागणार होतं?" हेमंत दोन दिवसांनी निघाला तेव्हा म्हणाला, "बाबा, तुम्ही चला आता पुण्याला. जागा करू आपण." जागा होते बघा, यंत्र गेलं की. काका फक्त म्हणाले, "आता इथं मला वीज लागत नाही." पुढच्या वर्षी खिचडीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी, सारा मोहल्ला मांजा सुतवत असताना, ते झोपेतच गेले. त्यांनी मला शब्द द्यायला लावला होता तो काकू असेपर्यंतचा. मी तो काका असेपर्यंत पाळला. आता दोघंही नाहीत, म्हणून हे सगळं लिहितेय. हेमंतनं वाचलं तर वाचू दे.

घर त्यानं शेजारच्या गेस्ट हाऊसवाल्या शेठला विकलं. पिंजऱ्यासकट पवनचक्की तिथेच आहे, परदेशी पाहुणे तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. परवा शेठ स्वतः माझ्याकडे आला. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गेला होता, पुढच्या गल्लीत सगळीकडे अंधारगुडुप आणि पाहुणे बोंबलत होते. "दीदी," तो म्हणाला, "मास्टर साहब के टाइम में तो ये बढ़िया चलती थी. अब एक बल्ब नहीं जलता. आप तो बगल में रहती हैं. वो करते क्या थे?"

जिन्यात, त्याच्या डोक्याच्या मागेच, खुंटीवर ती तार लटकत होती. खरं सांगितलं असतं तर त्यानं तीच मागितली असती.

"पतंग उड़ाते थे," मी म्हटलं.

तो हसला. मीही त्याला हसू दिलं आणि दार लावून घेतलं.